पुतळ्याच्या पाठीमागचे चिमटे

सांगलीच्या हरभट रोडवरून किंवा कापड पेठेतून जाताना दुकानांच्या काचेआड उभे असलेले पुतळे सगळेच समोरून पाहतात. ते पाठीमागून पाहण्याची सवय मला माझ्या व्यवसायाने लावली. मी आयुष्यभर मुलींना शिवणकला शिकवली आणि कपडा कसा बसला आहे हे पाठीवरून कळते, हे प्रत्येक तुकडीला सुरुवातीलाच सांगत आले. पुतळ्याला घातलेला कुर्ता समोरून अंगासरशी आणि कमरेशी नेटका दिसतो. त्याच कुर्त्याची पाठ पाहिली तर कमरेपासून मानेपर्यंतचे सगळे जास्तीचे कापड मुठीत धरावे तसे गोळा केलेले असते आणि त्याला टाचण्या किंवा चक्क कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे लावलेले असतात. कुर्ता ३८ चा असतो आणि पुतळा ३२ चाही नसतो. गिऱ्हाईक म्हणून आलेली बाई "तो पुतळ्यावरचाच काढा" म्हणते, दुकानातला मुलगा चिमटे सोडवतो, आणि मग ट्रायल रूमच्या आरशात जे दिसते त्याचा दोष ती आपल्या पोटाला देऊन मोकळी होते. चिमट्यांना कोणी बोल लावत नाही, कारण ते तिने पाहिलेलेच नसतात.

या पुतळ्यांची मापे कोणी तरी गंभीरपणे घेतली असतील असे मला कधी वाटले नव्हते. पण ती घेतली गेली आहेत. १९९२ साली फिनलंडमधल्या दोन संशोधकांचा एक छोटासा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. १९२० च्या दशकापासूनचे दुकानांतले पुतळे मिळवून त्यांनी त्यांचे दंड, कंबर, नितंब, मांड्या मोजल्या आणि प्रश्न असा विचारला, की या मापाची बाई खरोखर असती तर तिला मासिक पाळी आली असती का? दुसऱ्या महायुद्धाआधीचे पुतळे बऱ्याच अंशी हाडामांसाच्या बाईच्या मापाचे निघाले; त्यानंतरचे मात्र असे वाळत गेले, की त्या मापाच्या बाईच्या अंगावर पाळी येण्यापुरतीही चरबी उरली नसती. प्रश्न थट्टेच्या सुरात विचारलेला असला तरी उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पुतळ्याचे त्यात काही बिघडत नाही. त्याच्या मापाला उतरण्यासाठी ज्या जिवंत मुली निवडल्या जातात त्यांचे बिघडते.

मॉडेल इतक्या बारीक का असतात, याचे उत्तर 'सौंदर्याच्या कल्पना बदलल्या' असे देण्याची रीत आहे. मला ते अपुरे वाटते, कारण शिवणाऱ्याला त्यामागचा हिशेब आधी दिसतो. पॅरिसमध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ यांनी १८५८ साली आपले दुकान थाटले, तेव्हा त्यांची पत्नी मारी व्हेर्ने नवे कपडे स्वतः अंगावर घालून गिऱ्हाइकांसमोर वावरत असे, आणि मॉडेलच्या पेशाची सुरुवात बहुतेक जण तिच्यापासून धरतात. तिथे कपडा तिच्या मापाचा होता आणि गिऱ्हाइकासाठी तो पुन्हा गिऱ्हाइकाच्या मापाने शिवला जाई. पुढे तयार कपड्यांचा धंदा वाढला आणि क्रम उलटला. आता हंगामाआधी प्रत्येक नमुन्याचा एकच नग शिवला जातो. तोच रॅम्पवर जातो, तोच मासिकाच्या छायाचित्राला जातो, तोच खरेदीदाराला दाखवला जातो. तो कोण घालणार हे शिवताना ठाऊक नसते, म्हणून तो एका ठरावीक मापाचा शिवायचा आणि त्यात मावेल अशी मुलगी नंतर शोधायची, हा सोयीचा मार्ग झाला. अमेरिकी मापात हे नमुने साधारण शून्य ते चार या आकड्यांतले असतात. बारीक अंगावर कापड सरळ पडते, टक्स, म्हणजे अंगाच्या वळणासाठी शिवलेल्या चिमट्या, कमी घालाव्या लागतात, चुका झाकल्या जातात, आणि हे मी कोणाला हिणवण्यासाठी म्हणत नाही. ज्याने कधी कटोरी ब्लाउज बेतला आहे त्याला सपाट अंगावर शिवणे किती सोपे असते ते माहीत आहे.

सोयीची किंमत किती असते ते २००६ साली सगळ्या जगाला कळले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस ही बावीस वर्षांची मॉडेल माँटेव्हिडिओत रॅम्पवरून उतरली आणि काही वेळातच तिचे हृदय बंद पडले. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्टन ही एकवीस वर्षांची मुलगी अन्नच टाळण्याच्या आजाराने, म्हणजे अनोरेक्सियाने, गेली. दोन मृत्यूंच्या मधल्या सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, १८ च्या खाली असलेल्या मॉडेलना मनाई केली. इस्रायलने २०१२ मध्ये १८.५ ची मर्यादा कायद्यानेच घातली. फ्रान्सने २०१५ मध्ये कायदा करून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला सक्तीचा केला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीच्या छायाचित्रात शरीर बारीक किंवा जाड केले असेल तर तसे छापणे बंधनकारक ठरवले. त्याच वर्षी तिथल्या दोन बड्या उद्योगसमूहांनी, एलव्हीएमएच आणि केरिंग यांनी, फ्रेंच तक्त्यातल्या ३२ या अगदी लहान मापाच्या स्त्री मॉडेल घ्यायच्या नाहीत असे आपसांत ठरवले.

हे सगळे आवश्यक होते यात शंका नाही. तरी बीएमआयवर सगळा भार टाकणे मला रुचत नाही. हे गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी मांडले. ते डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना एका माणसाची प्रकृती तपासायची नव्हती, तर समाजातल्या 'सरासरी माणसा'चा शोध घ्यायचा होता. त्या गणिताची गंमत अशी, की ज्या बाईचा आकडा २४ आहे ती पॅरिसमध्ये ठीकठाक ठरते, आणि आपल्याकडे भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात म्हणून तीच बाई सांगली स्टेशनवर उतरली की लठ्ठ होऊ लागते. (मधुमेहाचा धोका आपल्या लोकांना कमी वजनातच सुरू होतो, म्हणून तो आकडा खाली आणलेला आहे, आणि त्यामागचे कारण खरे आहे.) उलट बाजूने, जन्मतःच काटकुळी, भरपूर जेवणारी आणि तरीही अंगाला न लागणारी एखादी मुलगी या नियमात नाहक अडकते. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. म्हणजे आपल्याकडे दोन्ही टोके एकाच वेळी, बहुधा एकाच तालुक्यात, एकाच एसटीत शेजारी बसलेली असतात.

आमच्या भागात या विषयाचा विचार करताना बालगंधर्वांना टाळून पुढे जाता येत नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातले नागठाणे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत ते आले आणि मिरजेत रंगभूमीवर उभे राहिले. १९१३ साली त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांचे गाणे हा स्वतंत्र विषय आहे. इथे मला सांगायचे आहे ते त्यांच्या लुगड्याबद्दल. भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा भूमिकांत त्यांनी जे नेसले, जो अंबाडा घातला, ज्या पद्धतीने पदर घेतला, हातरुमाल धरला, त्याची नक्कल पुण्या-मुंबईच्या आणि आमच्या सांगली-मिरजेच्या घरंदाज बायका करत होत्या, हे त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनी नोंदवून ठेवले आहे. आज ज्याला फॅशन मॉडेल म्हणतात त्याचे काम याहून वेगळे काय असते? अंगावर घालून दाखवायचे आणि पाहणारीला ते हवेसे वाटायला लावायचे. महाराष्ट्राला ते काम करून दाखवणारा पहिला मोठा माणूस पुरुष होता, आणि जुनी छायाचित्रे काढून पाहा, भरल्या अंगाचा होता. गोल चेहरा, गोल दंड, पोट असलेला. वय वाढत गेले तसे अंगही सुटत गेले, तरी रुक्मिणी तीच होती आणि नाट्यगृहे त्यांच्यासाठी भरतच होती. शालू त्या अंगावर खुलत होता, कारण नऊवारीचे कापड अंगाचे माप विचारत नाही. निऱ्या जास्त घाला, कमी घाला, ते अंगाप्रमाणे आपली जागा घेते.

माझ्या आजीच्या कपाटात इरकलीची लुगडी होती, आणि आजी, तिची थोरली जाऊ व धाकटी नणंद अशा तीन अगदी निरनिराळ्या अंगाच्या बायका ती एकमेकींची नेसत असत. चोळीचा खण तेवढा प्रत्येकीचा वेगळा बेतला जाई. त्या चोळीतही आत शिवणीला भरपूर माया सोडलेली असे, म्हणजे बाळंतपणानंतर उसवून सैल करता येई आणि पुढे लेकीला घट्ट करून देता येई. अंग बदलणारच, हे कापड कापतानाच गृहीत धरलेले होते.

तरीही जुन्या काळाला आरती ओवाळायची माझी तयारी नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. तिथे राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे पाहायला मिळतात, आणि त्यांच्या चित्रांतल्या नायिका पाहताना मी नेहमीप्रमाणे आधी पोलक्याची बाही कुठे बसवली आहे ते पाहते. त्या बायका भरल्या अंगाच्या आहेत, खात्यापित्या घरच्या आहेत, उजळ आहेत, आणि सगळ्या जवळजवळ एकाच अंगलटीच्या आहेत. त्यांच्या छापील प्रतिमा घराघरांच्या भिंतींवर गेल्या आणि लक्ष्मी-सरस्वतीही त्याच अंगाच्या झाल्या. माण-खटावच्या दुष्काळी माळावर खडी फोडणारी, पोटाला चिमटा घेऊन राबणारी किडकिडीत बाई त्या चौकटीत कधीच नव्हती. तेव्हा तिला 'हाडाची काडं झालीत' म्हणून नावे ठेवत. आज तिच्या नातीला कॉलेजात 'फिगर छान आहे' म्हणतात आणि नातीच्या मैत्रिणीला नावे ठेवतात. पुरुषांचा काटा मात्र वेगळाच होता: कवठेपिरानचे मारुती माने हिंद केसरी झाले ते १९६४ साली, आणि त्यांच्यासारख्या पैलवानाचे अंग हे आमच्याकडे गावाचे वैभव मानले गेले. त्याच घरातल्या लेकीचे अंग भरले की आई चिंतेत पडते. (आणि ज्यांच्या औंधच्या संग्रहालयात ही भरल्या अंगाची चित्रे आहेत, त्याच बाळासाहेबांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपल्या आयुष्याचे व्रत मानले होते, हे इथे नोंदवून ठेवते, त्यांना स्वतःला यात काही विसंगत वाटले असेल असे वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.)

मधल्या काळात वारे थोडे फिरले. २०१६ साली अॅश्ली ग्रॅहम ही मोठ्या मापाची मॉडेल 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या पोहण्याच्या पोशाखांच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आली. त्याच वर्षी बार्बी बाहुलीला भरल्या अंगाची, उंच आणि ठेंगणी अशी तीन नवी शरीरे मिळाली. त्याच वर्षी मुंबईत लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापाच्या मॉडेल चालल्या. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी रकाने भरले. आता ते वारे पडले आहे. फॅशन व्यवसायाच्या बातम्या देणाऱ्या 'व्होग बिझनेस'ने २०२५ च्या शरद-हिवाळी हंगामातल्या चार मोठ्या शहरांच्या फॅशन शोमधले पोशाख मोजले, तेव्हा त्यातले ९७.७ टक्के शून्य ते चार या मापांचे निघाले, आणि मोठ्या मापाचे ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन. त्याच २०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतातही विक्रीला आली. ज्यांना ती आजारासाठी हवीत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत. पण ज्या धंद्याला कापडाचे माप बदलण्याची कटकट नको होती, त्याला अंगाचे माप बदलण्याची ही सोय आयतीच सापडली, असा संशय मनात आल्यावाचून राहत नाही.

हे वारे इतक्या लवकर का पडले, याचे माझ्यापुरते उत्तर पुन्हा कापायच्या टेबलावरच आहे. रॅम्पवर मोठ्या मापाची मॉडेल चालवणे सोपे असते. तिच्यासाठी एक पोशाख वेगळा शिवला की झाले, फोटो निघतात, टाळ्या मिळतात. तो पोशाख त्या मापात दुकानात मिळायचा असेल तर मात्र मूळ बेतच, म्हणजे कापड कापायचा आराखडाच, नव्याने काढावा लागतो, आणि तिथे सगळे अडते. कारखान्यात एका मापाचा बेत तयार करतात आणि पुढची मापे त्यातून ठरावीक वाढ देऊन काढतात. त्याला ग्रेडिंग म्हणतात. छातीला दर मापामागे दोन इंच, शोल्डरला पाव ते अर्धा इंच, अशी ती वाढ चालते. आता ३६ छातीच्या बाईचा शोल्डर १४ इंच असेल तर ४४ छातीच्या बाईचा १५ च्या फारसा पुढे जात नाही, कारण अंग भरते ते छातीला, पोटाला, दंडाला. खांद्याचे हाड रुंदावत नाही. पण तक्ता आपला वाढवतच जातो. मग बाजारातला डबल एक्सेल घालून पाहा: गळा उघडा पडतो, शोल्डर दंडावर उतरतो, आणि ज्या दंडाला खरोखर जागा हवी तो मात्र मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या जागी, आवळला जातो. बाईला वाटते आपलेच अंग बेढब आहे. बेढब बेत असतो. छत्तीसच्या बाईला फुगवून केलेली ती एक काल्पनिक बाई असते.

त्यावर उपाय कारखानदारांना माहीत नाही असे नाही. ज्या मापाचा कपडा काढायचा त्या मापाच्या जिवंत माणसाच्या अंगावर तो घालून पाहायचा, हात वर करायला लावायचा, बसवायचे, वाकवायचे, आणि मग बेत दुरुस्त करायचा. अशा कामासाठी नेमलेल्या व्यक्तीला फिट मॉडेल म्हणतात. तिचा फोटो कुठे छापून येत नाही, तिला कोणी ओळखत नाही. मला विचाराल तर मॉडेलांच्या अंगातली विविधता जिथे सर्वांत आधी यायला हवी ती जागा रॅम्प नसून ही आहे. मोठ्या अंगाची एक मुलगी महिन्यातून दोन दिवस कारखान्यात येऊन कपडे घालून बसली-उठली, तर तिचा जितक्या बायकांना उपयोग होईल तितका मुखपृष्ठावरच्या फोटोचा होणार नाही. पण तिच्या मानधनाला, नव्या बेताला आणि जास्तीच्या कापडाला पैसे लागतात, आणि टाळ्या तर कोणीच वाजवत नाही.

मापांच्या तक्त्याचीही एक वेगळी कथा आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेऊन तयार कपड्यांसाठी प्रमाण ठरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. हिशेबात गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली गेली. आपल्याकडे तर बराच काळ ब्रिटिश-अमेरिकी तक्तेच थोड्या फेरफाराने वापरले गेले. मी विद्यार्थिनींना शिकवले तेही त्यांतूनच आलेले होते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, भारतीय मापांसाठी पाहणी हाती घेतली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मुंबईसह देशातल्या सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची अंगे त्रिमितीय स्कॅनरने मोजायची, असा तो बेत होता. सहांत आमच्याकडचे म्हणून मुंबई आहे. मुंबईच्या लोकलला लोंबकळणारी आणि तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर डिपिंग करणारी, म्हणजे घड औषधात बुडवणारी, यांची पाठ सारखी असते का, हे स्कॅनरला कोणी विचारले की नाही कोण जाणे. तरीही, उसन्या तक्त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

स्कॅनरचा एक फायदा मला मान्य करावा लागतो: तो बाईला श्वास रोखायला लावत नाही. टेप कमरेभोवती फिरला, की बाई कोणत्याही वयाची, कोणत्याही अंगाची असो, पोट आत ओढते. अगदी काडीसारखी मुलगीही ओढते. त्या मापाने शिवलेला कपडा मग जेवणाच्या पंगतीत काचतो. म्हणून मी मुलींना शिकवत असे, की छाती-कमरेचे माप घेताना समोरच्या बाईला काही तरी विचारा, पोरे कितवीत आहेत, गावाला पाऊस झाला का, काहीही. ती बोलायला लागली की श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येते आणि त्याच क्षणी टेपवरचा आकडा वाचायचा. आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, वहीत लिहायचा. दुकानातला एखादा मुलगा "ताईंचा फोर एक्सेल बघ रे वरचा" असे साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

मोठ्या मापाच्या मॉडेल दाखवल्या तर लठ्ठपणाला उत्तेजन मिळेल, असे म्हणणारे भले लोक भेटतात. मधुमेह आणि गुडघेदुखी आमच्या गल्लीत घरोघरी आहे. त्याचे कौतुक मी कशाला करू? पण कपडा आजच्या अंगाला आज लागतो, वजन उतरेल त्या दिवसाला नाही. सकाळी आमराईत चालायला येणाऱ्या बायकांना विचारून पाहा, की पंजाबी ड्रेसवर बूट घालून का चालता? ट्रॅक पँट त्यांच्या मापाची मिळतच नाही. ज्यांना चालण्याचा उपदेश करायचा, त्यांनाच चालायचे कपडे शिवायचे नाहीत, हा न्याय मला समजलेला नाही.

दरम्यान आमच्या सांगलीत एक वेगळ्याच जातीची मॉडेल तयार झाली आहे आणि तिची दखल कोणत्याही फॅशन सप्ताहाने घेतलेली नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी कुपवाडला राहते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाईल स्टँडला लावून 'लाइव्ह' येते. मागे दोरीला कुर्त्या टांगलेल्या, अंगावर त्यातलीच एक. ती स्वतः डबल एक्सेल. आधी तीही सुरतेच्या व्यापाऱ्याने पाठवलेले कॅटलॉगचे फोटोच पुढे ढकलत असे, गोऱ्यापान, सहा फुटी, कुठल्याशा राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मुलींचे. माल खपायचा, पण निम्मा परत यायचा. एकदा वैतागून तिने स्वतःच घालून दाखवायला सुरुवात केली आणि ती जे बोलते ते कोणत्याही जाहिरात कंपनीला सुचणार नाही: "ताई, हे कापड पोटावर बसतंय, खोटं नाही सांगत, ज्यांना पोट आहे त्यांनी हा ए-लाइनवाला घ्या. आणि बाही बघा, माझा दंड एवढा आहे, तरी बोट जातंय आत." मग ती खरेच बाहीत बोट घालून दाखवते. परत येणारा माल कमी झाला. बायका तिच्याकडे पाहून मागवतात, कारण तिला बसले ते आपल्याला बसेल हे त्यांना दिसते.

तिची अडचण वेगळीच आहे. घाऊक बाजारात सुटा नग मिळत नाही, सेट घ्यावा लागतो: एम, एल, एक्सेल, डबल एक्सेल, असे चार. डबल एक्सेल पहिल्या पाच मिनिटांत संपतो, मग एक्सेल, मग एल. एम दोरीवर लोंबत राहतो. आणि रोज कोणी तरी विचारतेच, "ताई, थ्री एक्सेल नाही का?" व्यापाऱ्याला ती विचारते तर तो म्हणतो, त्या मापाला मागणी नाही. जी वस्तू कधी ठेवलीच नाही तिची मागणी त्याला वहीत कशी दिसणार? शेवटी माधवनगरच्या एका छोट्या शिलाई युनिटकडून तिने स्वतःच मोठी मापे कापून घ्यायला सुरुवात केली आणि बेत काढायला मला बोलावले. मी तक्ता बाजूला ठेवला, तिच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांची मापे प्रत्यक्ष घेतली, आणि शोल्डर जागच्या जागी ठेवून मुंढा खाली आणला, दंडाला कळी, म्हणजे जागा वाढवणारा जादा तुकडा, टाकली. पहिला नग तिच्या थोरल्या जाऊबाईंना घातला. त्यांनी आरशात पाहण्याआधी दोन्ही हात वर करून पाहिले, फडताळावरचा डबा काढतात तसे, आणि "कुर्ता उचलत नाही गं वर" एवढेच म्हणाल्या. शिवणाऱ्याला याहून मोठे प्रमाणपत्र नको असते.

एका बाबतीत मात्र आमचे अजून जमलेले नाही. थ्री एक्सेल आणि फोर एक्सेलला तिने शंभर रुपये जास्त लावले आहेत. मी म्हटले, "हा अंगावरचा दंड झाला, असे करू नये." ती म्हणाली, "बाई, अर्धा मीटर कापड जास्त जातं, ते कुठून भरून काढू?" मी म्हटले, "मग एमला कमी जाते, त्याचे शंभर कमी कर."

"करते की," ती म्हणाली, "पण एम घेतंय कोण? दिवाळीपासून दोरीवरच आहेत. घेऊन जा तुम्ही, पुतळ्याला घाला."